मुंबईचे सांडपाणी आणि समुद्र

वाचकहो, अंबाडी-वज्रेश्वरीच्या बाजूने वाहणारी तानसा नदी आपल्याला काही परकी नाही. हिच्यावरच शहापूर तालुक्यात धरण आहे, आणि त्या धरणाचे पाणी मोठाल्या नळांतून, आपल्या भिवंडी तालुक्यातून मुंबईला जाते. हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पण मुंबईकराने ते पाणी वापरून मोरीतून, संडासातून सोडून दिले, की पुढे त्याचे काय होते? हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मुंबईनेही तो फार उशिरा विचारला. तीच हकीकत आज सांगायची आहे.

जुनी मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. वस्ती वाढली, उन्हाळ्यात पाण्याची ओरड होऊ लागली. म्हणून १८६० मध्ये विहारचे, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी शहरात आले. तानसाचे धरण सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब! लोकांना मोठा आनंद झाला. पण घरात आलेली प्रत्येक घागर मैली होऊन बाहेर पडणारच. तिला वाट कोण देणार? पाणी जितक्या तातडीने आणले, तितक्या तातडीने गटारे काही बांधली गेली नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी गटारे झाली, वरळीला लव्हग्रोव्ह येथे पंप बसले, आणि शहराचा मैला समुद्रात जाऊ लागला.

कुणी म्हणेल, समुद्र केवढा आणि घाण केवढी! त्या काळी जाणत्या माणसांनाही तसेच वाटे. पण पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, त्यावर मासळी जगते. मैला कुजवणारे सूक्ष्म जंतू हाच प्राणवायू खातात. मैला थोडा असेल तर समुद्र तो पचवतो. फार झाला, आणि तोही भरती-ओहोटीला तिथल्या तिथे घोळणाऱ्या खाडीत पडला, तर मासळी गुदमरते किंवा दूर निघून जाते. शिवाय रोगाचे जंतू तिसऱ्या-कालवांत शिरतात ते वेगळेच. वरळी, माहीम, वर्सोवा येथले कोळीवाडे याच किनाऱ्यावर आहेत. शहराची घाण कोळ्याच्या जाळ्याशी जाऊन भिडते, ती अशी.

मग उपाय काय? तो १९१४ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरी आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिला. सांडपाणी आधी जाळीतून गाळायचे, रेती खाली बसू द्यायची, मग हौदात त्यात हवा खेळवायची. हवा मिळाली की जंतू मैला खाऊन टाकतात आणि त्यांचा गाळ तळाशी बसतो. त्यातला थोडा गाळ पुन्हा नव्या पाण्यात घालायचा. आपल्या घरी कालचे दही आजच्या दुधाला विरजण लावते ना, तसेच हे! या दोघांना ज्यांचे मार्गदर्शन होते ते गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. म्हणजे ही विद्या आपल्या देशाला शंभर वर्षांपूर्वीच कळली होती.

मुंबईने मात्र पुष्कळ काळ दुसरी वाट धरली. २००३ पर्यंत वरळी आणि वांद्रे येथून समुद्राच्या तळाखालून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे दोन बोगदे सुरू झाले. पाणी जाळीतून गाळून, रेती काढून खोल समुद्रात सोडायचे, ही ती योजना. त्यामुळे घाण किनाऱ्यापासून लांब गेली, पातळ झाली. पण ती शुद्ध झाली असे नव्हे. म्हणूनच वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे सात मोठी शुद्धीकरण केंद्रे बांधण्याचे ठरले. त्यांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. सातही मिळून रोज सुमारे २४६ कोटी लिटर पाणी शुद्ध करतील, असा आराखडा आहे. विहारचे पाणी आले १८६० मध्ये, आणि या केंद्रांचा पाया पडला २०२३ मध्ये. मधला काळ मोजून पाहा!

शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. बाटलीत गढूळ पाणी घेऊन ते तासभर स्थिर ठेवावे. गाळ बसेल, वरचे पाणी नितळ दिसेल. मग मुलांना विचारावे, हे प्याल का? नितळ म्हणजे निर्मळ नव्हे, हे त्यांना मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आता गावोगावी घरात नळ येत आहेत. चांगलेच आहे. पण नळ आला की सांडपाणी वाढते, आणि ते ओढ्यातून तानसेला व पुढे खाडीला मिळते. मुंबईने जी चूक मोठ्या प्रमाणावर केली, ती आपण लहान प्रमाणावर का करावी? घराच्या मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळी-अळूला द्यावे. मात्र संडासाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये. आणि ग्रामसभेत नळाची मागणी करताना गटाराचीही मागणी त्याच दमात करावी.