संहिता, भाष्य आणि प्रतिमा : चित्रकलेतील मेरी मॅग्डालीन

युरोपीय धर्मचित्रांत मेरी मॅग्डालीन ओळखली जाते ती मोकळे केस, अश्रू आणि सुगंधी तेलाची कुपी या तीन खुणांवरून. शुभवर्तमानांच्या संहितेत या खुणांचा अर्थ वेगळा आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात ती कबरीपाशी रडते. परंतु ते अश्रू शोकाचे आहेत, पश्चात्तापाचे नव्हेत. मार्कच्या वृत्तान्तात ती सुगंधी द्रव्ये नेते ती येशूच्या मृतदेहाला लावण्यासाठी. केस तर तिचे नाहीतच. आसवांनी येशूचे पाय भिजवून ते केसांनी पुसणारी लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्री अनामिक आहे.

पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ५९१ मधील प्रवचनात मॅग्डालीन, ही अनामिक स्त्री आणि बेथानीची मेरी या तिघींना एक मानले. मॅग्डालीनमधून निघालेली सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण, असा अर्थ लावला. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेने हे ऐक्य स्वीकारले नाही. पश्चिमेत मात्र भाष्यच संहितेच्या जागी बसले.

तरीही साक्षीदार मॅग्डालीन लगेच पुसली गेली नाही. पादुआ येथील जॉत्तोच्या भित्तिचित्रात (सुमारे १३०५) पहारेकरी निद्रिस्त आहेत. पुनरुत्थित येशूला पाहते ती गुडघे टेकून हात पुढे केलेली मॅग्डालीन. तिशियनच्या फ्लॉरेन्समधील चित्रात (सुमारे १५३३) ती एकटी आहे आणि केस हेच तिचे वस्त्र आहे. तिची दृष्टी आकाशाकडे लागलेली असली, तरी चित्राचा विषय तिचे पाहणे नसून तिचे दिसणे हा आहे. प्रॉटेस्टंटांनी नाकारलेल्या प्रायश्चित्तसंस्काराचे समर्थन ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये केले. त्यानंतर रडणारी मॅग्डालीन त्या समर्थनाचे दृश्यरूप ठरली.

कॅराव्हाजोच्या चित्राविषयी (सुमारे १५९५) चरित्रकार बेल्लोरी याने १६७२ मध्ये नोंदविले, की चित्रकाराने केस वाळवीत बसलेली एक मुलगी रंगविली आणि कुपी व जमिनीवरील दागिने घालून तिला मॅग्डालीन ठरविले. या नोंदीत प्रतिमेची सारी घडण उघडी पडते. खुणा मांडल्या, की कोणतीही स्त्री पापिणी म्हणून वाचता येते.

१९६९ च्या रोमन पंचांगाने मॅग्डालीनला त्या दोघींपासून वेगळे केले. २०१६ मध्ये तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. भाष्य दुरुस्त झाले, त्यावर उभी राहिलेली चित्रे मात्र तशीच आहेत. म्हणून त्यांच्यासमोर मूळ संहितेकडे परतणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न उरत नाही. पुनरुत्थानाची वार्ता जिच्या साक्षीने प्रथम सांगितली गेली, ती स्त्री केसांआड कशी गेली, हे त्याशिवाय उमगत नाही.