पॅचने चित्र सुधारतं का?

आमच्या घरात दोन भाचे आहेत आणि त्यांचं कुठल्याही बाबतीत एकमत होत नाही. सध्याचा वाद असा, की कन्सोलवरच्या गेमचं चित्र नुसत्या सॉफ्टवेअर पॅचने सुधारू शकतं का? थोरला म्हणतो, मशीन तेच, टीव्ही तोच, मग चित्र सुधारणार कुठून? सगळी जाहिरातबाजी. धाकटा म्हणतो, मावशी, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मी गेम फारसे खेळत नाही, पण नोकरीची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरला पॅच लावण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवलं नाही. शिवाय या प्रश्नाचं एक चांगलं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे.

काका-आत्या मंडळींसाठी आधी थोडं. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, खास खेळांसाठीचा कॉम्प्युटर. पॅच म्हणजे ठिगळ. गेम विकून झाल्यावर कंपनी इंटरनेटवरून जी दुरुस्ती पाठवते ती.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे व्हिडिओ गेम होते (आठवतंय का, चालला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची!) त्यांत ठिगळाची सोयच नव्हती. गेम कॅसेटमधल्या चिपवर कायमचा कोरलेला असे. चांगलं चित्र हवं असेल तर कॅसेटमध्येच जास्तीचं यंत्र घालावं लागे. निन्टेन्डोने १९९३ साली 'स्टार फॉक्स'मध्ये नेमकं तेच केलं. 'सुपर एफएक्स' नावाची वेगळी चिप कॅसेटच्या पोटात बसवली आणि ज्या कन्सोलला त्रिमितीची गणितं झेपत नव्हती त्यावर त्रिमिती विमानं उडवली. म्हणजे तेव्हा थोरल्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

जे छापलं ते छापलं, ही अडचण काही एकट्या गेमवाल्यांची नाही. आपल्या प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला. शांतारामबापूंचा हा चित्रपट. प्रती जर्मनीत छापून आणल्या, आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. प्रती हातात आल्यावर काय करणार? मागून दुरुस्ती पाठवायची सोय त्यांच्याकडे असती तर रंगीत सिनेमाच्या इतिहासात पुण्या-कोल्हापूरचं नाव वेगळ्या तऱ्हेने आलं असतं, असं मला उगीचच वाटतं. असो.

कन्सोलमध्ये ही सोय आली ती हार्ड डिस्क आणि इंटरनेट आल्यावर. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क होती, पुढच्या वर्षी तो इंटरनेटला जोडला गेला, आणि २००५-०६ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ आल्यावर पॅच ही रोजचीच गोष्ट झाली.

आता मुख्य प्रश्न. यंत्र बदललं नाही तर चित्र कसं सुधारतं? मला दोन उदाहरणं फार आवडतात. सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकत होता, पण सोनीने गेमसाठी तो २२२ वर अडवून ठेवला होता. बॅटरी लवकर संपू नये म्हणून, असं तेव्हा म्हटलं जायचं. २००७ साली एका सॉफ्टवेअर अपडेटने तो लगाम काढला आणि पुढच्या वर्षी आलेल्या 'गॉड ऑफ वॉर'ने ती पूर्ण ताकद वापरली. यंत्र तेच, पण कुलूप उघडलं.

दुसरं २०१४ चं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनमधली साधारण दहा टक्के चित्रशक्ती किनेक्ट कॅमेऱ्यासाठी राखून ठेवली होती. त्या वर्षी जूनमध्ये ती गेम बनवणाऱ्यांना मोकळी करून दिली. ऑगस्टमध्ये 'डायब्लो ३' आला. डिस्कवरचा गेम ९००पी, म्हणजे एका चित्रात १४ लाख ४० हजार ठिपके. पहिल्याच दिवशीच्या पॅचने तो १०८०पी झाला, म्हणजे जवळपास २० लाख ७४ हजार. धाकटा जिंकला!

पण पूर्ण नाही. आमच्या कर्वेनगरात सध्या जिकडे तिकडे जुने बंगले पाडून इमारती चढताहेत, त्यामुळे मला उपमाही तीच सुचते. रंग, फरशी, खिडक्या, दिवे बदलून घर ओळखू येणार नाही इतकं पालटतं. बंद ठेवलेली खोली उघडली तर जागाही वाढते. पण कॉलमनाच भार पेलवणार नसेल तर वर मजला चढत नाही. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर इतका वाईट चालत होता, की सोनीने तो त्याच महिन्यात दुकानातून काढला. २०२१ च्या जूनमध्ये परत घेतला. पुढे पॅचमागून पॅच आले, गेम खरोखर सुधारला. तरी २०२३ चा 'फँटम लिबर्टी' हा विस्तार जुन्या कन्सोलसाठी आलाच नाही. तिथे कॉलम संपले होते.

आणि आता पुण्याची 'राजी'. नॉडिंग हेड्स गेम्स हा इथला छोटा स्टुडिओ. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. संस्थापकांपैकी एकाने स्वतःचा फ्लॅट विकला. (पुण्यात फ्लॅट विकून गेम बनवणं! घरी काय बोलणी खाल्ली असतील.) पुढे प्रकाशक मिळाला आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या कन्सोलवर. राजी ही मुलगी राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधत निघते. राजस्थानी हवेल्यांसारखे महाल, पहाडी चित्रांची आठवण करून देणारे रंग, आणि कथेचे काही भाग चक्क सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेले. चित्रांचं जगभर कौतुक झालं, गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकनही मिळालं. पण लढाया अडखळतात, शेवट अचानक होतो, अशा तक्रारीही आल्या. शिवाय सगळी पात्रं इंग्रजीत बोलत होती.

२०२२ मध्ये 'एनहान्स्ड एडिशन' आली. चित्र सुधारलं, कॅमेऱ्याच्या जागा बदलल्या, मधले कथाप्रसंग नव्याने केले, आणि राजी हिंदीत बोलू लागली. आधी गेम घेतलेल्यांना वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत.

इथे कुलूप कुठल्या कंपनीने लावलेलं नव्हतं. अडलं होतं ते पैशापायी आणि वेळेपायी, असं मला वाटतं. मोठी कंपनी अर्धकच्चा गेम पूर्ण किमतीला विकते आणि मग पॅच पाठवते, त्याचा मला राग येतो. पण अशा लहान स्टुडिओला पॅच म्हणजे राहिलेलं काम पुरं करायची दुसरी संधी. ही दोन्ही ठिगळं मी एका मापाने मोजणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. पॅच आधीच्या गेमवरच बसतो. फिल्मची जुनी प्रत डब्यात सापडू शकते, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयाचं सारं काम त्यावरच चालतं. पण ऑगस्ट २०२० मध्ये ज्याने 'राजी' डाउनलोड केली आणि पुढची अपडेट घेतली, त्याच्याकडे ती पहिली राजी आता नाही. फ्लॅट विकून झालेली, इंग्रजीत बोलणारी, लढताना अडखळणारी. ती कुठे जपून ठेवली आहे का, हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.