हाट, गिऱ्हाईक आणि पत : धार-देवासच्या छोट्या उद्योगांची कहाणी



धार आणि देवास ही नावे उच्चारली की मराठी मनापुढे पवार घराण्याच्या गाद्या उभ्या राहतात. सनदा, तह आणि लढाया यांचा तो इतिहास आपण आवडीने वाचतो. परंतु त्याच भूमीवर आठवडी हाटात पाल ठोकून बसणाऱ्या माणसाचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. ना दुकान, ना दफ्तर, ना तारण, अशा माणसाच्या उद्योगाला तारते तरी काय, हा माझ्या आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे.

अशा व्यवसायांना ‘अनौपचारिक क्षेत्र’ हे नाव मिळाले ते बरेच अलीकडे. मानववंशशास्त्रज्ञ किथ हार्ट यांनी घानातील आक्रा शहराच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली आणि 1972 सालच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने ती सर्वत्र पोहोचवली. नाव नवे असले तरी वस्तू फार जुनी आहे.

माळव्याच्या इतिहासाकडे पाहता पहिली गरज दिसते ती निर्धास्त वाटेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या आणि फौजांच्या धुमाकुळाने हा प्रदेश उजाड झाला होता. धारचे राज्य तर राजधानीच्या परिसरापुरते आक्रसले होते. 1818 नंतर शांतता आली, गावे पुन्हा वसली, व्यापारी वाटेला लागले. जॉन माल्कमने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात या पालटाचे विस्तृत वर्णन आहे. अर्थात माल्कम हा जेत्यांचा प्रतिनिधी होता, हे विसरून तो वाचू नये. तरीही एवढे खरे की, डोक्यावर गाठोडे घेऊन हाटाला निघालेला विणकर संध्याकाळी सुखरूप घरी परतेल, याची हमी हेच त्याचे पहिले भांडवल असते.

परंतु वाट मोकळी झाली म्हणजे उद्योग टिकतोच असे नाही. याचे बोलके उदाहरण धार जिल्ह्यातील बाग येथील ठशांच्या छपाईचे आहे. सिंधमधून मारवाडमार्गे या भागात आलेल्या खत्री कुटुंबांनी ही कला जोपासली. एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात कापड मुरवायचे, हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, तुरटीने तांबड्या रंगाची आणि लोखंडाच्या गंजाने काळ्या रंगाची छपाई करायची, वाहत्या नदीत धुवायचे आणि धायटीची फुले घातलेल्या भट्टीत उकळायचे, असा हा दीर्घ क्रम. त्याला बाघिनी नदीचे पाणी लागते, उन्हाचे मैदान लागते आणि घरातील सर्वांचे हात लागतात. कापडात घातलेला पैसाही विक्री होईपर्यंत अडकून राहतो.

या छपाईचे गिऱ्हाईक म्हणजे परिसरातील भिल्ल आणि भिलाला समाज. कोणत्या समाजाची स्त्री कोणत्या नक्षीचा घागरा नेसते, हे छपाईकाराला तोंडपाठ असे. पुढे कृत्रिम धाग्याचे स्वस्त, झगझगीत कापड हाटात आले आणि हे गिऱ्हाईक दुरावले. अनेक घरांनी छपाई सोडली. येथे नीट पाहिले पाहिजे. कसब शाबूत होते, ठसे शाबूत होते, नदीही होती. नाहीसा झाला होता तो घेणारा.

इस्माईल सुलेमान खत्री यांनी नैसर्गिक रंग सोडले नाहीत. मात्र तीच नक्षी त्यांनी चादरी, साड्या आणि अन्य वस्त्रांवर उतरवली. ‘मृगनयनी’सारख्या राज्याच्या विक्रीकेंद्रांनी आणि प्रदर्शनांनी शहरातील नवे गिऱ्हाईक दाखवले. 1984 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढे बागच्या छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले. शासनाने येथे कारखाना उभारला नाही, कारागिराला नोकर केले नाही. दार उघडून दिले. साहाय्याचा हा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तिसरी गरज पतीची. देवास जिल्ह्यातील बागली तहसिलीत 1990 पासून ‘समाज प्रगती सहयोग’ ही संस्था काम करीत आहे. तेथील स्त्रियांच्या बचतगटांचे तत्त्व साधे आहे. प्रत्येकीने थोडे थोडे साठवायचे, अडीनडीला त्यातूनच कर्ज घ्यायचे आणि परतफेडीच्या शिस्तीवर बँकेचा विश्वास कमवायचा. सावकार जमीन किंवा दागिना पाहतो. गट शेजारणीचा स्वभाव पाहतो. जिच्या नावावर जमीन नाही, तिच्यापाशी हेच तारण असते. आजारपण आले की शेळी किंवा शिवणयंत्र विकावे लागणे, हा छोट्या उद्योगाच्या मृत्यूचा नेहमीचा मार्ग. वेळेवर मिळालेले लहानसे कर्ज तो मार्ग अडवते.

तेव्हा माझे निवेदन एवढेच की, केवळ पैसा वाटून छोटा उद्योग उभा राहत नाही. वाट निर्धास्त हवी, गिऱ्हाईक हाताशी हवे आणि पडत्या काळात सावरणारी पत हवी. यांतील एकही दुवा निखळला तर उरलेले दोन त्याला फार काळ तगवू शकत नाहीत. आज यंत्रावर छापलेली नक्कल बागच्या नावाने विकली जाते, तेव्हा छपाईकाराचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा हिरावले जात असते. या सभागृहातील आपण सारे कुणाचे ना कुणाचे गिऱ्हाईक आहोत. आपण काय विकत घेतो आणि कुणाकडून घेतो, यावरही त्या घरातील ठसे चालू राहणार की माळ्यावर जाणार, हे ठरत असते.