नाममुद्रा, लेबल आणि वेष्टन : भावगीताच्या इतिहासाची काही उपेक्षित साधने

मराठी भावकवितेचा इतिहास आपण काव्यसंग्रहांच्या प्रकाशनवर्षांच्या आधारे लिहीत आलो आहोत. या पद्धतीने काय निसटते, हे ना. घ. देशपांडे यांच्या उदाहरणावरून पाहता येते. मेहकरला वकिली करणाऱ्या या कवीचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. संग्रहांच्या क्रमाने जाणारा इतिहासकार साहजिकच त्याचा विचार मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) नंतर करतो आणि नवकवितेच्या काळातही तग धरून राहिलेली रोमँटिक प्रवृत्ती, अशी त्याची बोळवण करतो. वस्तुतः ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ध्वनिमुद्रित झाली होती. संग्रह निघण्याआधी सुमारे दोन दशके ती घरोघर ऐकली जात होती. भावगीत या प्रकाराच्या घडणीतला तो एक आरंभबिंदू मानला जातो. मग या कवितेचे ‘प्रकाशन’ कोणत्या सालातले मानायचे? तबकडी हे प्रकाशन मानले, तर आपल्या कालपटातील अनेक नोंदी हलवाव्या लागतील.

या प्रश्नाकडे मी वळलो तो ग्रंथालयातून नव्हे. काही वर्षांपूर्वी औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहराच्या पूर्वेस, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत एका भंगाराच्या दुकानात सात इंची तबकड्यांचा एक ढीग दिसला. तबकड्या उघड्या होत्या. त्यांची सचित्र वेष्टने दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात बांधलेली होती. दुकानदाराच्या दृष्टीने हा विभाग अगदी तर्कशुद्ध होता: वेष्टन रद्दीच्या भावाने जाते, तबकडी प्लॅस्टिकच्या. दोन्ही गठ्ठे मी विकत घेतले आणि लेबलवरचा क्रमांक वेष्टनावरच्या क्रमांकाशी जुळवत बसलो. निम्म्याहून अधिक तबकड्यांना वेष्टन मिळाले नाही, आणि उरलेल्या वेष्टनांना तबकडी.

हे जुळवण्याचे काम क्षुल्लक वाटले तरी त्यामागे कर्तृत्वाच्या निर्देशाचा एक जुना प्रश्न आहे. संतांच्या आणि शाहिरांच्या रचनेत कर्त्याचे नाव संहितेतच, बहुधा अखेरच्या चरणात किंवा कडव्यात, गुंफलेले असे. नाममुद्रा गाण्याबरोबर प्रवास करी. तिला कागदाची गरज नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायन केले, तेव्हा अखेरीस त्यांनी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या जर्मनीत छापल्या जाणार होत्या आणि तेथील कामगारांना ओळख पटावी, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू. तरीही मुद्रेची जागा कवीकडून गायिकेकडे सरकल्याचे आपल्याला येथे ऐकू येते. पुढे हे काम छापील लेबलाने घेतले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे पाकीट साध्या कागदाचे, फार तर कंपनीच्या जाहिरातीचे, आणि मधोमध भोक असलेले असे. त्या भोकातून लेबल वाचता येई. पाकीट सर्व गाण्यांना सारखेच होते.

१९४९ साली अमेरिकेत ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आली. भारतात हा बदल सावकाश झाला. बीटल्सची काही गाणी १९६०च्या दशकातही येथे ७८ फेऱ्यांवर निघाली आणि आज परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी मोठी किंमत मोजतात. वीज नसलेल्या गावांत चावीचा ग्रामोफोन अजून फिरत होता, हे या दुर्मिळतेमागचे कारण मात्र बोलीच्या वेळी कोणी विचारात घेत नाही. मराठीत सात इंची तबकडी रुजली ती मुख्यतः चार गाण्यांच्या ‘ईपी’च्या रूपात, आणि तिच्याबरोबर प्रत्येक तबकडीचे वेगळे, चित्र असलेले वेष्टन आले. झेरार जनेत याने १९८७ च्या ग्रंथात शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना यांना संहितेचे उंबरठे मानले आहे. वेष्टन हा तसाच उंबरठा. फक्त त्यावर उभा राहून स्वागत करणारा कवी नसतो. माझ्या ढिगातील बहुतेक वेष्टनांच्या पुढच्या बाजूस गायकाचे छायाचित्र किंवा चित्रपटातील जोडी आहे. कवीचे नाव मागे, बारीक टाइपात, पुष्कळदा रोमन लिपीत. याच जिल्ह्यातील पळसखेडचे ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये आला आणि ‘जैत रे जैत’ची गीते १९७७ मध्ये. येथे संग्रह आधी आहे, गाणे नंतर; ‘शीळ’च्या नेमका उलट क्रम. पण श्रोत्याच्या हाती वेष्टन येते तेव्हा कवी पुन्हा मागच्या बाजूलाच जातो.

या पार्श्वभूमीवर वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते वेगळी ठरतात. त्यांनी ‘वामन’ ही मुद्रा अनेक गीतांच्या शेवटी कायम ठेवली. जलशाच्या परंपरेत, जेथे गीत एका गायकाकडून दुसऱ्याकडे तोंडी जाते, तेथे मुद्रा हीच कर्तृत्वाची एकमेव नोंद असते. मात्र ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची, आणि ईपीवर एका बाजूस दोन गीते बसवायची म्हणजे वेळ फारसा वाढत नाही. लांब रचनेची कडवी गाळावीच लागतात, आणि शेवटचे कडवे गळले की कवीही गळतो. मग वेष्टन हा एकच पुरावा उरतो.

संग्राहकांची अभिरुची येथे इतिहासाच्या आड येते, असे माझे मत आहे. त्यांना हवी असते निष्कलंक तबकडी आणि कडा न झिजलेले वेष्टन. जयंतीच्या मांडवात, ध्वनिक्षेपकावर शेकडो वेळा वाजलेली भीमगीतांची तबकडी अशी राहणे शक्यच नाही. ती ओरखड्यांनी भरलेली म्हणून कोणी घेत नाही. वास्तविक तो ओरखडा हाच ऐकल्याचा दस्तऐवज आहे. वाल्टर बेंजामिनने १९३१ साली स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना संग्राहकाच्या मालकीतच वस्तूला आश्रय मिळतो, अशा आशयाचे विवेचन केले. पण ज्या वस्तू संग्राहकाच्या उंबऱ्यापर्यंतच पोचत नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न त्याच्या अभ्यासिकेत उद्भवत नव्हता. तरीही, जे काही वाचले ते हौशी मंडळींमुळेच, हे मान्य केले पाहिजे. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. मायकेल किनियर यांची १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये आली. मराठीचे प्राध्यापक म्हणून आपण या सूचींकडे संगीताचा प्रांत म्हणून पाहतो आणि कवितेच्या पाठभेदांची चर्चा करताना गायलेला पाठ विचारात घेत नाही.

माझ्याकडच्या एका वेष्टनाच्या पुढे गायकाचे छायाचित्र आहे. मागे चार भीमगीतांची नावे आहेत. गीतकारांची नावे जेथे असावीत तो कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. तबकडीचा क्रमांक शाबूत आहे. चिकलठाण्याच्या त्या गठ्ठ्यात त्या क्रमांकाची तबकडी नव्हती. ती सापडली, तर लेबल वाचता येईल. लेबलही घासून गेले असेल, तर चारही गाण्यांची अखेरची कडवी ऐकावी लागतील.