पस्तिशीची रेघ

‘शिकण्याला वय नसते’ हे वाक्य शाळा-महाविद्यालयांच्या सुविचार-फलकावर हमखास भेटते. शासकीय दफ्तरात मात्र शिकण्याला वय होते, आणि ते आकड्यांत लिहून ठेवलेले होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ या वयोगटातील १० कोटी निरक्षरांना पाच वर्षांत साक्षर करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले. ५ मे १९८८ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशननेही हाच वयोगट कायम ठेवला. म्हणजे छत्तिशीत पाऊल टाकलेले माणूस निरक्षर असले, तरी उद्दिष्टात ते धरलेले नव्हते. या रेघेपलीकडे राहिलेल्या माणसांचा, विशेषतः सोलापूरसारख्या कष्टकरी शहरातील वृद्ध स्त्रियांचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

त्यासाठी एक साधी कालगणना मांडून पाहू. १९४० साली सोलापूर शहरात जन्मलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली एक स्त्री कल्पावी. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराचे आयुष्य भोंग्यावर चालू लागले होते. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात हातमाग चालवीत होती. घरोघरच्या बायकांच्या मांडीवर बिड्या वळण्याचे सूप असे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा ही स्त्री विशीच्या उंबरठ्यावर होती. त्या मोहिमेची वयोमर्यादा पन्नाशीपर्यंत होती. पण ती मोहीम नावाप्रमाणेच ग्रामांसाठी होती आणि आपली स्त्री शहरात राहत होती. १९७८ साली ती ३८ वर्षांची होती, १९८८ साली ४८ वर्षांची. दोन्ही वेळा रेघेच्या पलीकडे. ८ सप्टेंबर २००९ रोजी ‘साक्षर भारत’ कार्यक्रम आला आणि वयाची वरची मर्यादा प्रथमच उठली. तेव्हा ती ६९ वर्षांची होती. परंतु हा कार्यक्रम स्त्री-साक्षरतेत मागे असलेल्या निवडक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागापुरता होता. पुन्हा शहर वगळलेले. २०२२ साली नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला, त्यात १५ वर्षांवरील सर्वजण आले, शहरेही आली. तोवर तिचे वय ८२ झाले होते.

एखाद्या प्रौढ शिक्षण वर्गात कोणी आजी येऊन बसली, तर शिक्षकाने तिला उठवले असेल असे मानण्याचे कारण नाही. आपली माणसे इतकी निष्ठुर नसतात. प्रश्न मोजणीचा आहे. जिचा समावेश उद्दिष्टात नाही, तिच्यासाठी वर्गाची वेळ बदलली जात नाही, तिच्या डोळ्यांना झेपतील अशी मोठी अक्षरे छापली जात नाहीत, ती गैरहजर राहिली तर कोणी विचारायला जात नाही.

ही रेघ पस्तिशीवरच का ओढली गेली? त्या काळची शैक्षणिक परिभाषा पाहिली की उलगडा होतो. १९६५ साली तेहरान येथे भरलेल्या जागतिक परिषदेनंतर ‘कार्यात्मक साक्षरता’ ही कल्पना प्रतिष्ठित झाली. भारतातही १९६७-६८ पासून शेतकऱ्यांसाठी या स्वरूपाचा कार्यक्रम राबवला गेला. साक्षरतेने उत्पादन वाढावे, कुटुंब नियोजन व्हावे, मुले शाळेत जावीत, ही अपेक्षा होती. साधने तोकडी असताना ज्यांच्या हातून अजून बरेच काम व्हायचे आहे त्यांना आधी शिकवावे, हा हिशेब नियोजनकर्त्यांच्या दृष्टीने गैर नव्हता. पण त्यात माणसाचे शिकणे त्याच्या उरलेल्या कामाच्या वर्षांवर तोलले गेले. वेगळे करणे शक्य होते, याचा पुरावाही त्याच काळात आहे. १९८९-९० साली केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने जी साक्षरता मोहीम चालवली, तिने ५ ते ६० हा वयोगट स्वीकारला होता.

आपल्या परंपरेतही अशी रेघ नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. तिचे तत्त्व सोपे होते: दिवसा राबणाऱ्याला रात्री शिकवावे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने संसारी आणि विधवा स्त्रियांसाठी वर्ग चालवले. शिकणाऱ्याच्या दिनक्रमात मोकळी फट कोठे आहे, हे पाहून शाळेने तेथे जायचे, असा त्यामागचा विचार होता.

तरीही वृद्धांची खरी शाळा या संस्थांच्या बाहेरच भरत असे. तिला शाळा म्हणण्याची आपली रीत नाही. आपण तिला श्रवण म्हणतो. या शाळेचा सर्वांत यशस्वी पाठ्यपुस्तककार सोलापूर जिल्ह्यातीलच आहे, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. सांगोले तालुक्यातील नाझरे हे श्रीधरस्वामींचे गाव आणि पंढरपूर ही त्यांची कर्मभूमी. ‘हरिविजय’ १७०२, ‘रामविजय’ १७०३, ‘पांडवप्रताप’ १७१२, ‘शिवलीलामृत’ १७१८. एवढे ग्रंथ रचणाऱ्या या कवीला वाङ्मयेतिहासात पंडित कवींच्या मानाने जागा कमी मिळते. पण मराठी घरांतील म्हाताऱ्या माणसांनी दोनशे-तीनशे वर्षे ज्याच्याकडून कथा, नीती, भूगोल आणि भाषा शिकली, तो कवी श्रीधर. त्याची ओवी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानाने धरण्यासाठी घडलेली आहे. तो श्रोत्यांना मधूनमधून हाक मारतो, झालेले पुन्हा थोडक्यात सांगतो, उपमा ओळखीच्या घरगुती वस्तूंतून घेतो. पाच दिवसांच्या खंडानंतर येऊन बसलेल्या आजीलाही कथेचा धागा सापडावा, अशी ही रचना आहे. ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय मुखोद्गत असलेल्या निरक्षर स्त्रिया आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात होऊन गेल्या आहेत.

चातुर्मासात पंढरपुरी मुक्काम करून कीर्तन-प्रवचने ऐकणारी वृद्ध मंडळी, संध्याकाळचा हरिपाठ, भजनी मंडळातील टाळकरी, वारीच्या वाटेवरची दिंडी हा सारा या श्रवणशाळेचा विस्तार होय. येथे प्रवेशाचे वय नाही आणि निवृत्तीचेही नाही. परीक्षा नाही, त्यामुळे नापास होण्याची लाज नाही. एकच ग्रंथ दरवर्षी नव्याने लावला जातो, त्यामुळे विसरणे हा गुन्हा ठरत नाही. आणि मुख्य म्हणजे सोबत असते. वार्धक्यात नव्या माहितीची ओढ असतेच. पण आपण आलो नाही तर कोणी तरी चौकशी करील, ही जाणीव त्याहून मोठी असते.

या परंपरेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकणे बरे नव्हे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. म्हणजे ज्या नगरीत ही शाळा सर्वांत मोठी भरत होती, तेथेच तिचा गाभारा अनेकांना बंद होता. दुसरे असे की, श्रवणात काय ऐकवायचे हे सांगणारा ठरवतो. पुराणिकाने विधवेला सहनशीलता ऐकवली, तर तिने सहनशीलताच शिकायची. अक्षर हाती असले म्हणजे निदान पान उलटण्याचे स्वातंत्र्य असते.

सोलापुरात या मर्यादेत भाषेचीही भर पडते. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडात आहेत. पद्मशाली घरांतील जात्यावरची आणि लग्नातली गाणी तेलुगूत. अनेक घरांत उर्दू-दखनी. मराठी ही या शहरात कित्येकांच्या बाजाराची आणि कचेरीची भाषा. तेव्हा एखाद्या तेलुगूभाषक आजीच्या हाती मराठी अंकलिपी दिली की तिला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात: अक्षर, आणि त्या अक्षराची भाषा. कुलसुम सयानी यांना ही अडचण दिसली होती. १९४० पासून त्यांनी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पत्र चालवले, ते सोप्या हिंदुस्तानीत आणि नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत. हे पत्र १९६० पर्यंत निघत राहिले.

निरक्षरतेची किंमत वृद्धापकाळी कशी मोजावी लागते, हे बिडी वळणाऱ्या स्त्रीच्या हिशेबात स्पष्ट दिसते. पाने, तंबाखू आणि सूत घरी आणायचे, बिड्या वळायच्या, जुड्या बांधून कारखान्यात द्यायच्या. मजुरी हजारावर मिळते. किती घेतल्या आणि किती छाट म्हणून बाजूला काढल्या, याची नोंद वहीत दुसरे कोणी तरी करते. जिला वाचता येत नाही तिला ही नोंद ऐकून घ्यावी लागते. येथेही श्रवणच, पण हे श्रवण पुण्याचे नव्हे. पुढे भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, बँकेचे पासबुक, अंगठ्याचा ठसा, हयातीचा दाखला अशी कागदांची रांग लागते. भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये झाली. तेवढ्यासाठीसुद्धा तिला कागद वाचणाऱ्याचे तोंड पाहावे लागते.

याच सुमारास वार्धक्याकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी आपल्याकडे रुजत होती. १९७३ साली फ्रान्समधील तुलूज येथे निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ निघाले. दशकभरात ती कल्पना इंग्लंडमध्ये गेली, आणि तेथे वृद्धांनी वृद्धांनाच शिकवण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ स्थापन होऊ लागले. १९८० साली त्यांचा महासंघ ‘फेसकॉम’ उभा राहिला. ‘म्हातारा’ या शब्दाची जागा ‘ज्येष्ठ नागरिक’ या जोडशब्दाने घेतली. संघांतून व्याख्याने, सहली, वाढदिवस, योगासने, काव्यवाचन सुरू झाले. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु संघाचा सभासद बहुधा निवृत्तिवेतनधारक, शिकलेला आणि पुरुष असतो. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्यांची धडधड थांबली, तेव्हा सोलापूरच्या कामगाराला निवृत्ती मिळाली नाही. त्याचे काम गेले. त्याच्या वार्धक्याचा आरंभ निरोप समारंभाने झालेला नाही, म्हणून संघाच्या दारातही तो बिचकतो.

शिकलेल्या वार्धक्याचे वैभव सोलापूरने पाहिलेले आहे. त्र्यं. वि. सरदेशमुख यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली, त्यांच्या वयाच्या ६६ व्या वर्षी आला. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते, पण त्यांचे ऐकून लिहून ठेवणारे घरात होते. म्हणून १९५२ साली त्यांची कविता ग्रंथरूपाने मराठीला मिळाली. एकीला अक्षर लाभले, दुसरीला लेखनिक लाभला. सोलापूरच्या पूर्व भागातील आजीला यांपैकी काहीच लाभले नसेल, तर तिच्याबरोबर काय गेले याचा हिशेब मराठीच्या अध्यापकांनी, आम्ही धरून, कधी केला नाही.

अक्षर आणि श्रवण यांना एकत्र आणणारे एक उदाहरण मात्र महाराष्ट्रातच आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारी हा गणवेश, हातात पाटी, आणि विद्यार्थिनी साठ ते नव्वदीच्या. घरकाम उरकल्यानंतरची दुपारची वेळ शाळेसाठी ठरली. या शाळेचा उगम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. शिवजयंतीच्या निमित्ताने गावात पारायण चालू असताना आपल्यालाही वाचता आले असते तर, असे वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखवले, आणि त्या बोलण्यातून ही शाळा निघाली. म्हणजे पाटीकडे जाण्याची वाट पोथीने दाखवली. नोकरी, उत्पादन, विकास या साऱ्यांचे प्रयोजन संपल्यावरही अक्षराची इच्छा उरते, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले.

आज विद्यापीठांतील जुन्या ‘प्रौढ शिक्षण’ विभागांच्या पाटीवर ‘आजीवन अध्ययन’ असे नाव आले आहे. हा बदल अर्थपूर्ण आहे. शिक्षण दुसरा देतो, अध्ययन स्वतः करायचे असते. २००४ साली स्थापन झालेले सोलापूरचे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. त्यामुळे त्याच्या महाविद्यालयांना आपल्या गल्ल्या आणि गावे पायाखालची आहेत. नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून विद्यार्थ्यांचीही अपेक्षा केलेली आहे. त्याची चाचणी १५० गुणांची आहे: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. या चाचणीत वृद्ध स्त्रीने मिळवलेले गुण नोंदवले जातील. तिला जे आधीच येते, त्यासाठी मात्र रकाना नाही.

तो रकाना साहित्याच्या विद्यार्थ्यांना आखता येईल. दुपारी दोन तास एका वाड्यात किंवा समाजमंदिरात बसावे. पहिला तास आजीचा: तिने गाणे, कहाणी, वळलेल्या बिड्यांचा आणि विणलेल्या लुगड्यांचा वृत्तान्त सांगावा, तेलुगूत सांगितला तरी चालेल, आणि विद्यार्थ्याने तो लिहून घ्यावा. दुसरा तास अक्षराचा: तिनेच सांगितलेले शब्द मोठ्या अक्षरांत तिच्यापुढे ठेवावेत आणि जोडीला तिचे पासबुकही उघडावे. यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. घाई मात्र आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रमाची मुदत २०२७ पर्यंत आहे. १९४० साली जन्मलेली ती स्त्री तोवर असली, तर ८७ वर्षांची असेल.