राहूचं नुसतं डोकं का?

जुन्या नवग्रह शिल्पांत राहूचं बहुधा नुसतं डोकं दिसतं. पुराणात सांगतात, चोरून अमृत प्यायलेल्या असुराचं डोकं विष्णूनं उडवलं; डोकं तो राहू, धड तो केतू. आकाशाच्या गणितात मात्र हे दोन बिंदू आहेत: चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते, ते. पौर्णिमा किंवा अमावस्या त्यांच्याजवळ आली, की ग्रहण होतं. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास सांगितलं, की चंद्राला पृथ्वीची सावली झाकते आणि सूर्याला चंद्र. मग राहूच्या भीतीनं पोटुशी लेकीसुनेला आपण उपाशी-तहानलेलं का ठेवायचं? सावलीनं बाळाला इजा होत नाही. तिला वेळेवर खाऊपिऊ घालू. सूर्यग्रहण मात्र नुसत्या डोळ्यांनी कुणीच पाहू नये.