बंगळुरूची पायारेषा आणि फुटाची लांबी

लांबी ही मूलभूत राशी आणि मीटर हे तिचे प्रमाण एकक, एवढे आपण शाळेतच शिकतो. प्रमाण एकक कशासाठी लागते, हे मात्र व्याख्येपेक्षा प्रत्यक्ष मोजणीतून अधिक कळते. त्यासाठी बंगळुरूचे उदाहरण पाहू.

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर, 1800 साली, विल्यम लॅम्टन याने बंगळुरूजवळ सुमारे 7.43 मैलांची, म्हणजे जवळजवळ 12 किलोमीटरची सरळ रेषा मोजली. सर्वेक्षणात हिला पायारेषा म्हणतात. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. म्हणून लांबी एकदाच मोजायची, पुढे फक्त कोन मोजत जायचे. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. पायारेषेत चूक झाली तर ती प्रत्येक त्रिकोणात उतरते.

मोजायला होती 100 फुटांची पोलादी साखळी, अडीच फुटांच्या 40 कड्यांची. चीनच्या सम्राटासाठी नेलेल्या भेटवस्तूंमधली ही साखळी फिरत फिरत कलकत्त्याला आली होती. (भेट पोचली असती तर लॅम्टनने काय केले असते कोण जाणे!) साखळी तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांत ताणून धरत आणि जवळ तापमापके ठेवत. कारण उघड आहे. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की एवढी साखळी साधारण साडेतीन मिलिमीटर लांबते. या रेषेवर ती सुमारे 390 वेळा टाकावी लागते. म्हणजे सकाळ-दुपारचा हा फरक दुर्लक्षिला तर एकूण चूक 1.4 मीटरच्या आसपास जाते. लांबीचे एकक सांगताना तापमानही सांगावे लागते, ते असे.

1802 साली मद्रासला नवी पायारेषा मोजली गेली. तिथून त्रिकोण जोडत लॅम्टन पुन्हा बंगळुरूला आला आणि 1804 मध्ये पडताळणीसाठी इथे रेषा मोजली. गणिताने आलेली आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहून कमी फरक निघाला. या कामाचे कौतुक झाले ते योग्यच. पण यातून नेमके काय सिद्ध झाले, हे विद्यार्थ्यांनी विचारावे. दोन मोजण्या एकमेकींशी जुळल्या, एवढेच. दोन्हींमागचा फूट मुळातच किंचित आखूड असता तरी त्या तशाच जुळल्या असत्या!

पुढे काम उत्तरेकडे सरकले. नागपूरच्या वाटेवर, 20 जानेवारी 1823 रोजी, लॅम्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने साखळी सोडून दहा फुटी जोडपट्ट्या वापरल्या. त्यांत पितळ आणि लोखंड शेजारी शेजारी असते. दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पण जोडणी अशी की टोकांच्या खुणांमधले अंतर बदलत नाही. 1867-68 मध्ये बंगळुरूची नवी पायारेषा अशाच पट्ट्यांनी मोजली गेली.

तापमानाचा प्रश्न असा सुटला. मूळ प्रश्न तसाच राहिला, कारण या पट्ट्याही एका दहा फुटी प्रमाणपट्टीशी ताडून पाहाव्या लागत. भारतात वापरलेल्या पट्टीवरचा फूट इंग्लंडमधल्या फुटाशी तंतोतंत जुळत नव्हता. त्यामुळे ‘भारतीय फूट’ हे वेगळे एकक नोंदवावे लागले. आज त्याचे एक प्रचलित मूल्य 0.3047995 मीटर आहे, तर 1959 पासूनचा आंतरराष्ट्रीय फूट बरोबर 0.3048 मीटर. फरक मीटरच्या निम्म्या दशलक्षांशाचा. पण हजार किलोमीटरला तो दीड मीटरपलीकडे जातो.

धातूच्या पट्टीवर विसंबण्यातली हीच अडचण मीटरलाही होती. 1983 पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो: प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या 1/299792458 इतक्या वेळात जेवढे अंतर कापतो, तेवढा. त्याला ना ऊन लागते, ना गंज. जुन्या सर्वेक्षणाचे आकडे मीटरमध्ये आणताना मात्र आजही आधी विचारावे लागते, यातला फूट कोणता?